समुद्रावरचा सूर्य आणि खंय सर

सरांच्या लाल पेनाला दोनच शेरे येत. एक, "कुठे दिसलं?" आणि दुसरा, "व्हय म्हाराजा." चांगलं, ठीक, सुवाच्य अक्षर, अभिनंदन असलं काही त्या पेनातून बाहेर पडलेलं मी तीन वर्षांत पाहिलं नाही. रात्री उशिरापर्यंत जागून, बहिणीला दिवा मालवू न देता लिहिलेला आठ पानी निबंध परत यायचा तेव्हा समासात वरपासून खालपर्यंत हे दोन शेरे आळीपाळीने उभे असायचे आणि शेवटी वीसपैकी सात. आम्ही वही मिटून बाकाखाली सरकवायचो आणि मनातल्या मनात त्या माणसाचा उद्धार करायचो.

सर लिहायचे प्रमाण मराठीत आणि चिडायचे मालवणीत. वहीतलं "कुठे दिसलं?" वर्गात आलं की "खंय दिसलां तुका?" व्हायचं. त्यावरून त्यांचं नाव खंय सर. मालवणच्या आमच्या कॉलेजात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. नवीन आलेली मुलंसुद्धा ऑफिसात जाऊन "खंय सरांचो वर्ग खंय?" असं विचारत आणि क्लार्कला त्यात काही वावगं वाटत नसे.

दुसऱ्या शेऱ्याची गोष्ट आपल्याकडच्या माणसाला सांगावी लागणार नाही. देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा मानकरी पुढे उभा राहून एकेक मागणं देवाच्या कानावर घालतो आणि मागे जमलेला गाव प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतो. मागणं नीट ऐकू आलं नाही तरी म्हणतो. सरांचं घराणं अशाच मानकऱ्यांचं, त्यांचे थोरले भाऊ अजून गाऱ्हाणं घालत. सरांचं म्हणणं असं, की आमचे निबंध म्हणजे गाऱ्हाणीच. गाईडवाला पुढे उभा राहून सांगतो, 'लेखकाने समाजाचे विदारक चित्रण केले आहे', आणि आम्ही मागून माना डोलावतो. "देवळात बरां आसा तां," ते म्हणायचे. "थंय समोर देव आसा. निबंधात तुमी कोणाक व्हय म्हणतास?"

आम्हाला जो पेपर होता त्याचं नाव होतं 'साहित्य आणि अन्य कला'. कथा, कविता, चित्र, चित्रपट आणि वर चिमूटभर तत्त्वज्ञान, असं सगळं तीन वर्षांत पाहायचं आणि त्यावर निबंध लिहायचे. इतर कॉलेजांत हा पेपर गुणांची खाण समजला जायचा. काहीही लिहा, कलेला चूक-बरोबर नसतं. आमच्याकडे मात्र खंय सर होते.

चित्र शिकवायची त्यांची रीत म्हणजे छळ होता. कुठल्याशा कॅलेंडरवरचं निसर्गचित्र फळ्याला दोऱ्याने बांधायचे आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. "पयली धा मिनटां कोणी बोलाचा नाय. बगा." दहा मिनिटं साठ मुलं एका कॅलेंडरकडे बघत बसली आहेत आणि खिडकीतून कँटीनच्या उसळीचा वास येतो आहे, अशी ती साधना. मग विचारायचे, काय दिसलं? पुढच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "शांतता." सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, चित्राच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. "माका दोन म्हशी दिसतत. एक बसली हा. शांतता खंय बसली हा तां येवन दाखय." ती मुलगी त्या वर्षी परत काही बोलली नाही, आणि मला वाटतं ते काही चांगलं झालं नाही. सरांना माणूस दुखावलेला कळायचा नाही, कळायचा तेव्हा फार उशीर झालेला असायचा, आणि मग ते त्याच माणसासाठी बाटलीभर कोकमाचं आगळ नाहीतर घरच्या केळीचा फणा आणून न बोलता टेबलावर ठेवायचे. हाही एक वैतागच होता. केळी खाऊन रागावता येत नाही.

तत्त्वज्ञानाच्या निबंधात मी एकदा 'मानवी जीवन क्षणभंगुर आहे' असं सुरुवातीलाच ठोकून दिलं होतं. समासात शेरा आला, "कुठे दिसलं?" मी धीर करून स्टाफरूममध्ये गेले आणि म्हटलं, सर, हे सगळेच म्हणतात. त्यांनी विचारलं, "तुझी आजी आसा?" आहे म्हटलं. "केदी?" म्हटलं, नव्वदीला आली. "मगे ती क्षणभंगुर आसा काय?" आणि लगेच, "तिका विचार. काय म्हणता तां लिही." आजीला विचारलं तर ती म्हणाली, "संपता संपणा नाय गो ह्यां." तेच लिहिलं आणि त्या एका ओळीखाली पहिल्यांदा कुठलाही शेरा आला नाही. कोरा समास म्हणजे सरांची शाबासकी, हे कळायला मला दीड वर्ष लागलं. शाबासकी देण्याची ही तऱ्हा असेल तर शिक्षकाचं वर्षभराचं लाल पेन वाचतं, पण विद्यार्थ्याचं डोकं फिरतं.

आता मुद्द्याकडे येते.

शेवटच्या वर्षी चित्रपटावरचा निबंध होता. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना चादरी लावून शनिवारी दुपारी सर एक जुना काळापांढरा सिनेमा दाखवत. पूर्व किनाऱ्यावरच्या कुठल्याशा गावातला, भाषा आम्हाला न कळणारी, खाली बारीक इंग्रजी अक्षरं. प्रोजेक्टर चालवायला बाबल शिपाई. गोष्ट एवढीच, की एका म्हाताऱ्याचा मुलगा होडी घेऊन गेलेला परत आलेला नाही आणि म्हातारा किनाऱ्यावर बसून राहतो. शेवटच्या दृश्यात समुद्रावर सूर्य अगदी पाण्याला टेकलेला, मागे दोन-चार झोपड्या, एका दारात एक बाई, आणि म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठतो. सिनेमा संपतो.

सगळ्या वर्गाने लिहिलं: सूर्यास्त. आयुष्याची संध्याकाळ, आशेचा अस्त. गाईडमध्येही तेच होतं. मी मात्र या वेळी पेटून उठले होते. समासात एकही "कुठे दिसलं" येता कामा नये. मी तो शेवटचा प्रसंग बाबलच्या हातापाया पडून चार वेळा पाहिला. म्हाताऱ्याची सावली झोपड्यांकडे पडते, म्हणजे सूर्य समोर. बाई दारात वाकली आहे, म्हणजे तिन्हीसांजेची कामं. म्हातारा उठताना आधी समुद्राकडे पाठ करतो. प्रत्येक वाक्याला पुरावा दिला आणि निष्कर्ष काढला, की आज त्याने वाट बघणं सोडलं, तो घरी निघाला.

निबंध परत आला. नऊ पानं, समास कोरे. शेवटी वीसपैकी सतरा आणि खाली एकच शब्द, "दिसलं."

त्या दिवशी मी मालवणपासून धामापुरापर्यंत एसटीत वही मांडीवर उघडी ठेवून बसले होते. कंडक्टरनेही पाहिली.

पुण्यात तेव्हा चित्रपट-रसग्रहण शिकवणारी एक छोटी संस्था होती, आता ती नाही. दरवर्षी बारा मुलं घेत. अर्जासोबत स्वतःचा एक निबंध पाठवायचा, आणि शिक्षकांचं पत्र असल्यास जोडायचं. मला तिथे जायचंच होतं. काजू, भात आणि मुंबईच्या मामाकडून येणारी स्थळं यांच्यापलीकडे मला दिसलेलं ते पहिलं दार होतं. सर स्वतःहून म्हणाले, "पत्र मी दितंय." असं ते कोणालाच म्हणत नसत. त्यांच्याकडे पत्र मागायला गेलेली मुलं बहुधा रिकाम्या हाताने परत येत.

अर्ज बुधवारी टपालात पडायला हवा होता. आदल्या रविवारी दुपारी आम्ही खळ्यात बसून काजूच्या बोंडांपासून काजी, म्हणजे बिया, वेगळ्या करत होतो, तेवढ्यात सरांची एम-एटी फटफटत आली. सर उन्हाने लाल झाले होते. आईने पाणी दिलं, ते प्यायले नाहीत. तांब्या हातात तसाच धरून म्हणाले, "बाय, ती सकाळ आसा गो."

मला काही कळेना.

मग कळलं ते असं. आदल्या दिवशी त्यांनी तोच सिनेमा दुसऱ्या वर्गाला दाखवला होता. शेवटचं दृश्य लागलं तेव्हा मागून बाबल म्हणाला, "सर, ही बाई सांजेक सडो कित्या घालता?" सरांनी सिनेमा थांबवला, मागे घेतला. दारातली बाई वाकून अंगणात शेणपाण्याचा सडा घालत होती. संध्याकाळी अंगणात सडा कोण घालतं? आणि गाव होतं पूर्व किनाऱ्यावरचं, तिथला सूर्य समुद्रातून वर येतो. आम्ही जन्मभर समुद्रावर सूर्य पाहिला तो बुडतानाच. आमच्यातल्या एकालाही असं वाटलं नाही, की समुद्रावरचा सूर्य सकाळचाही असू शकतो. गाईड लिहिणाराही आपल्याच बाजूचा असावा. खंय सर तर अकरा वर्षं हा सिनेमा दाखवत होते आणि अकरा वर्षं 'सूर्यास्त' या शब्दाखालून त्यांचं पेन निमूट पुढे गेलं होतं.

"म्हातारो घरी जायना नाय," सर म्हणाले. "तो फाटफटीक येवन बसलो हा. परत. कालच्यासारखो. पाठ केल्यान ती फक्त हात टेकून उठाक. तेना वाट बगूक सोडूक नाय. तू लिवलंस त्याच्या सगळां उलटा आसा."

मी म्हटलं, सर, ती माझी दृष्टी आहे. अर्थ ज्याचा त्याने लावायचा असतो, तुम्हीच शिकवलंत.

"अर्थ धा लाव. सूर्य एकच आसा."

मग बरंच काही झालं. मी म्हटलं, पुण्यात कोणाला कळणार आहे? ते म्हणाले, तुला आता कळलं आहे ना? मी म्हटलं, सतरा गुण तुम्हीच दिलेत. त्यावर ते म्हणाले, "व्हय. चूक आदी माझी. काल वर्गात सांगलंय, उद्या स्टाफरूमात सांगतलंय. पण ह्या निबंधाक माझां पत्र मेळाचा नाय. तीन दीस आसत. परत लिही." आई मध्ये पडली, "सर, चेडू रडता बगा." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रडत नव्हते, माझ्या डोळ्यांत काजीचा चीक गेला होता, पण मी तसं सांगितलं नाही. ते उठले, गाडीला किक मारली आणि गेले. तांब्यातलं पाणी तसंच राहिलं.

मी परत लिहिला नाही. तीन दिवस पुष्कळ होते, पण मला इतका राग आला होता की पेन हातात धरवेना. तो सतरा गुणांचा निबंध मी तसाच, पत्राशिवाय, पाठवून दिला.

मुलाखतीचं बोलावणं आलं.

टेबलापलीकडे तिघं होती. मधल्या बाई फार गोड बोलायच्या. त्यांनी माझा निबंध पुढे ओढला आणि त्यातला सूर्यास्ताचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. बाई म्हणाल्या, किती बारकाईने पाहिलंयत. समोर तिघंही व्हय म्हाराजा करत होती, आणि या वेळी मानकरी मी होते. मी म्हटलं, "मॅडम, ती सकाळ आहे."

पुढची दहा मिनिटं मी माझाच निबंध पाडत बसले. सडा सांगितला, पूर्व किनारा सांगितला. त्यांनी समजूत घातली, की असं काही नसतं, कलाकृती खुली असते, स्वतःच्या आकलनावर ठाम राहा. मी ठामच होते, पण भलत्या बाजूला. शेवटी उजवीकडचे गृहस्थ जरा वैतागून म्हणाले, मग हा निबंध तुम्ही पाठवलात कशाला?

यादीत माझं नाव आलं नाही. त्यामुळेच आलं नाही असं म्हणता येणार नाही, नाहीतर सर विचारायचे कुठे दिसलं. पण पत्र नसल्यामुळे नक्कीच नाही. पत्राचा कोणी उल्लेखसुद्धा केला नव्हता.

निकाल आला त्या आठवड्यात सर कॉलेजच्या जिन्यात भेटले. हातात वह्यांचा गठ्ठा. "काय झालां गो पुण्याक?" त्यांनी विचारलं. त्यांना किती दिवस ते विचारायचं असावं, हे आवाजावरून कळत होतं. माझं पित्त खवळलं. या माणसाने माझ्या डोक्यात जो किडा सोडला होता त्याने माझं दार बंद केलं, आणि हा उभा राहून विचारतो काय झालं. मी म्हटलं, "तुमचां पत्र नव्हतां. म्हणान झालां नाय."

सर "बरां" म्हणाले आणि वर्गावर गेले.

हे मी सोळा-सतरा वर्षांपूर्वी बोलले. दोनच वाक्यं.

मी पुढे बाहेरून एम.ए. केलं, नेट झाले, आणि वैभववाडीच्या कॉलेजात चिकटले. मलाच हा पेपर शिकवायला मिळाला, 'साहित्य आणि अन्य कला'. मालवणकडची मुलं भेटली की मी सरांबद्दल विचारायची. मुलं म्हणायची, फार चांगले आहेत, पत्र मागितलं की लगेच देतात. सगळ्यांना चौदा-पंधरा गुण. कटकट नाही. मी म्हणायची, म्हातारपणी सुधारला वाटतं, आणि मला बरंही वाटायचं. उशिरा का होईना, त्याला धडा मिळाला असं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

मग आमच्या विभागात मालवणलाच शिकलेली, माझ्याहून एका वर्षाने मागची एक प्राध्यापिका लागली. ती एकदा तिच्या बी.ए.च्या वह्या घेऊन आली, मुलांना नमुना म्हणून दाखवायला. मी चाळू लागले. सरांचं अक्षर नव्हतंच. प्रत्येक पानावर एक लाल बरोबरची खूण, शेवटी सही. त्याच सिनेमावरचा निबंध होता. तिने चक्क 'समुद्रात मावळणारा सूर्य' असं लिहिलं होतं. त्याच्यावरही बरोबरची खूण होती. ज्या माणसाने भर उन्हात सोळा किलोमीटर गाडी मारून मला ती सकाळ आहे असं सांगितलं होतं, त्याने मावळणाऱ्या सूर्यावर खूण केली होती. मी तारीख पाहिली. मी जिन्यात ते बोलले त्याच्या पुढच्या वर्षाची.

मी खंय सरांना व्हय म्हाराजा म्हणायला लावलं होतं. आमच्यापैकी कोणालाच, गाईडवाल्यांनासुद्धा, जे जमलं नाही ते मी दोन वाक्यांत केलं होतं.

त्याच आठवड्यात मालवणला जायला हवं होतं. गेले नाही. पेपर तपासणी, मुलाची परीक्षा, पावसात बंद पडलेला घाट, कारणांना काय कमी. दोन वर्षं गेली. सर निवृत्त झाले, त्याच्या समारंभालाही मी गेले नाही. मग गेल्या वर्षी कळलं की सर आजारी आहेत, हृदयाचं आहे, मुंबईहून परत आणलं आहे. तेव्हा गेले. वैभववाडीहून निघताना पिशवीत बेचाळीस निबंध होते, वाटेत तपासू म्हणून घेतलेले. एसटीत पाच वाचले आणि मिटून ठेवले. पाचही 'प्रस्तुत चित्रपट हा मानवी अस्तित्वाच्या विविध पैलूंवर प्रकाश टाकतो' असेच सुरू होत होते. हल्ली गाईडही लागत नाही, मुलं फोनला सांगतात आणि फोन लिहून देतो. मी हात टेकले आहेत. वर्गात ओरडून झालं, तोंडी परीक्षा घेऊन झाली. मुलं शांतपणे ऐकून घेतात आणि पुढच्या वेळी फोनला जरा वेगळं लिहायला सांगतात.

सर पडवीत खाटेवर बसले होते. अर्धे राहिले होते. काकींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, मला ओळखलं नाही, सरांनी ओळखलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी सांगून टाकलं. मुलाखत, त्या तिघांच्या डोलणाऱ्या माना, मी काय बोलले ते सगळं.

"सडो सांगलंस त्यांका?" त्यांनी विचारलं.

"व्हय सर."

"म्हणजे पत्रामुळां न्हय."

"न्हय सर."

"मगे त्या दिवशी माका तसां कित्या सांगलंस?"

"राग इल्लो."

सरांनी भिंतीकडे तोंड केलं. काकी चहा घेऊन आल्या, ठेवून गेल्या. चहावर साय धरली. बाहेर कोणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज येत होता. सर भिंतीकडेच बघत म्हणाले, "मी मगे कोणाक विचारूचा सोडलंय गो. म्हटलां, आपल्या एका हट्टापायी पोरांची आयुष्यां कित्याक अडवची? सगळ्यांका सह्यो दिलंय. वाचूकसुद्धा नाय." मग म्हणाले, "कितकी पोरां गेली तशी."

मी माफ करा म्हणाले, ते त्यांना ऐकू आलं की नाही माहीत नाही. माफ केलं वगैरे म्हणणाऱ्यांतले ते नव्हतेच, आणि मला वाटतं त्यांनी केलंही नव्हतं. ते रागावलेले होते, आणि इतक्या वर्षांनी त्यांना रागावलेलं बघून मला रडू आलं. या वेळी डोळ्यांत काजीचा चीक नव्हता.

मी उठले तेव्हा त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट केलं. "त्यात काय आसा?"

"निबंध आसत सर. त्याच सिनेमाचे. फोनान लिवलेले, तुमी बगू नका."

"हाड."

काकी नको नको म्हणत होत्या. त्यांनी चष्मा मागितला, पेन मागितलं. घरात लाल पेन सापडेना, शेवटी काकींनी शेजारच्या मुलीच्या दप्तरातून आणलं. सरांनी पहिला निबंध मांडीवर घेतला. वाचायला फार वेळ लागत होता. तिसऱ्या ओळीपाशी थांबले, आणि समासात लिहिलं, "कुठे दिसलं?"

"ठेवन जा," ते म्हणाले. "बरेच आसत."

मी ठेवून आले. पाच आठवड्यांनी सर गेले. बाराव्याला गेले तेव्हा काकींनी माझी पिशवी परत दिली. बेचाळीसही तपासलेले होते. सुरुवातीचे सरांच्या अक्षरात, मग अक्षर सुटत सुटत गेलेलं, आणि शेवटच्या आठ-नऊ निबंधांवर दुसऱ्याच गोल, बायकी अक्षरात "कुठे दिसलं?" काकी म्हणाल्या, "हात चलना नाय झालो तेव्हा माका सांगीत. मी लिवलंय. माका काय कळता त्यातला? ते सांगीत थंय मी लिवी." एकाही निबंधाला सरांनी गुण दिले नव्हते. ते बहुधा माझ्यावर सोडले होते.

मी ते वर्गात वाटले. मुलांनी नेहमीप्रमाणे शेवटचं पान उलटून पाहिलं, गुण नाहीत म्हणून कुरकुर केली आणि निबंध दप्तरात कोंबले. एक मुलगी मात्र वर्ग सुटल्यावर बाकावरच बसून राहिली. सायली, खारेपाटणची, रोज ये-जा करणारी. तिच्या निबंधावर समासात ओळीने अकरा वेळा तोच प्रश्न होता.

"मॅडम, ह्यां कोणी लिवल्यानी?"

"माझ्या सरांनी."

"सगळां वाचल्यानी? आठ पानां?"

हो म्हटलं. तिने पानं परत उलटून पाहिली. मग म्हणाली, "माका वाटलेला, कोण वाचणत नाय. म्हणान फोनाक सांगलंय."

मला तिच्यावर ओरडायचं होतं, फोनवरून तर महिनाभराचं साठलं होतं. पण त्याआधी तिनेच विचारलं, "सिनेमा परत दाखवशात? मी तेव्हा बगूकच नाय."

पुढच्या शनिवारी दाखवला. बेचाळीसपैकी नऊ मुलं आली. खिडक्यांना चादरी लावल्या आणि सांगितलं की पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. दोन जण पेंगले. शेवटचं दृश्य लागलं, समुद्रावर सूर्य, म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला, आणि तिसऱ्या बाकावरून सायलीचा आवाज आला, "मॅडम, थांबवा जरा. ती बाई सडो घालता."

मी सिनेमा थांबवला. मला एकदम सरांचा भयंकर राग आला, की हे ऐकायला ते नव्हते.